शनिवारची यादी: लिलावातली आणि बंद घरं शोधून देणाऱ्या सेवेचा सहा महिन्यांचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. एजन्सीचं नाव लिहीत नाही. गोवा लहान आहे आणि त्यांच्या ऑफिसातली मुलगी माझ्या नणंदेच्या शेजारी राहते. ऑफिस मडगावला आहे, एवढं पुरे. बँकांनी जप्त केलेली, लिलावाला निघालेली आणि नुसतीच कुलूप लागून पडलेली घरं शोधून देणं हा त्यांचा धंदा. सहा महिन्यांचे ७,५०० रुपये भरले की दर शनिवारी सकाळी व्हॉट्सॲपवर तालुकावार यादी येते. एखादं घर मनात भरलं तर वकिलाकडून कागद तपासून घ्यायचे ८,००० वेगळे.

आम्ही फोंड्याला, ढवळीत भाड्याने राहतो. नवरा कदंब बस महामंडळात, मी लॅबमध्ये. भाडं ११,००० रुपये, दर अकरा महिन्यांनी मालक नव्याने आठवण करून देतो की आता बाजारभाव वाढलाय. बिल्डरच्या ऑफिसात दोन बेडरूमचा भाव विचारला तेव्हा त्याने ६५ लाख सांगितले. आम्ही त्याने दिलेलं कोकम सरबत पिऊन उठलो. कर्ज, पीएफ, सासूबाईंची मुदत ठेव आणि माझ्या दोन बांगड्या धरून आमची धाव ३६,५०,००० पर्यंत. त्यापुढे एक रुपया नाही.

आणि रस्त्याने जावं तर बंद घरंच बंद घरं. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. कवळ्याहून मंगेशीपर्यंत स्कूटरवरून सावकाश गेलं तरी ते पटतं: गंजलेलं फाटक, अंगणात गुडघाभर रान, तुळशीवृंदावनात तुळस सोडून बाकी सगळं उगवलेलं. एवढी रिकामी पडलीत, त्यातलं एक आपल्याला का मिळू नये, या भाबड्या हिशेबाने मी पैसे भरले.

आधी चांगलं सांगते. यादी वेळेवर येते, सहा महिन्यांत एकही शनिवार चुकला नाही. कायद्याने बँकेला ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. लिलावाच्या नोटिसाही तशाच येतात. त्यामुळे गोव्यातले मराठी-इंग्रजी सगळे पेपर रोज चाळणं आलं. सरकारी बँकांचे लिलाव बँकनेट नावाच्या पोर्टलवर फुकट दिसतात, जानेवारी २०२५ पासून ते नव्या रूपात चालू आहे. पण खाजगी बँका, गृहकर्ज कंपन्या, सहकारी बँका यांचं बरंचसं त्यांच्या त्यांच्या साइटवर किंवा पेपरात. नोकरी करून हे सगळं जमवणं मला झेपलं नसतं. राखीव किंमत (जिथून बोली सुरू होते ती), इसारा रक्कम (बोलीआधी भरायची अनामत), पाहणीचा दिवस, लिलावाचा दिवस, प्राधिकृत अधिकाऱ्याचा फोन, हे एका ओळीत मिळायचं. एवढ्यासाठी ७,५०० रुपये जास्त नाहीत.

आता म्हापसा.

दुसऱ्याच शनिवारी यादीत खोर्लीचा एक फ्लॅट आला. पहिला मजला, ७२ चौरस मीटर, राखीव किंमत २८ लाख. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं: ‘बँकेचा ताबा आहे.’ मी नवऱ्याला म्हटलं, रंग काढू आणि दिवाळीला राहायला जाऊ. रविवारी गेलो. इमारत चांगली, जिना झाडलेला. वर बघितलं तर आमच्या रिकाम्या फ्लॅटच्या बाल्कनीत नऊवारी वाळत होती.

बेल वाजवावी की नको यावर आम्ही जिन्यातच पाच मिनिटं घातली. तेवढ्यात दार आतूनच उघडलं. आजी पंच्याहत्तरीच्या. आम्हाला बघून त्यांनी विचारलं, “बँकेंतल्यान आयल्यात?”

“ना आजी, घर पळोवंक आयल्यांव,” नवरा म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही.

“पळयात,” म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. आत बसवलं, पाणी दिलं. मुलगा बोटीवर होता, दोन वर्षं काम नव्हतं, हप्ते थकले. आता तो आखातात आहे, पैसे पाठवतो, पण बँकेचा आकडा त्याच्या पुढे पळतो. हे त्यांनी न विचारता सांगितलं. मग मला म्हणाल्या, स्वयंपाकघरही बघ, ओटा मोठा करून घेतलाय. मी ओटा बघितला. खरंच मोठा होता. परत येताना फोंड्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

सोमवारी सुट्टी टाकून पणजीला पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात गेले आणि त्या आठवड्याचे पेपर काढून मूळ नोटीस शोधली. तिथे स्वच्छ छापलेलं होतं: ‘सांकेतिक ताबा’. एजन्सीने यादी करताना ‘सांकेतिक’ हा शब्दच गाळला होता. फोन केला तर तिकडून उत्तर, “मॅडम, ताबा तो ताबाच, कायद्याने बँकेचाच आहे.”

कायद्याने आहे, पण चावी आजींच्या कमरेला आहे. हा एका शब्दाचा फरक मला नंतर वकीलबाईंनी समजावला, तो इथे लिहिते, कारण यादी वाचणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तो ठाऊक नसणार. कर्ज थकीत खात्यात गेलं की बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जाच्या वसुलीच्या २००२ च्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस देते. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ताबा घेते. पण बऱ्याचदा हा ताबा म्हणजे दारावर चिकटवलेला कागद आणि पेपरातली जाहिरात, एवढाच. आतली माणसं आतच. त्यांना बाहेर काढायचं तर बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. त्यांनी आदेश ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. आदेशानंतर पोलीस, मामलेदार, तारीख, पाऊस, चतुर्थी. शिवाय कर्जदाराला कर्ज वसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांच्या आत दाद मागता येते. सगळं देणं भागवून घर सोडवून घेण्याचा त्याचा हक्क मात्र २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस छापून येईपर्यंतच. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ते पक्कं केलं.

आणि या सगळ्यात घेणाऱ्याचं काय? त्याचे पैसे अडकलेले. लिलाव जिंकला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, इसारा धरून बोलीचे २५ टक्के भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री पक्की झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले गेले. म्हणजे खोर्लीचा फ्लॅट घेतला असता तर माझा हप्ता चालू, ढवळीचं भाडं चालू, आणि माझ्या मालकीच्या ओट्यावर आजी चहा करताहेत. त्या चहाला माझी ना नाही. पण २८ लाख स्वस्त का होते, ते कळलं.

नोटिशीत शेवटी बारीक अक्षरांत असतं ना, ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे तेथे आहे’, म्हणजे घर आहे तसं, अडचणींसकट घ्यायचं, ते मी आधी मंत्रासारखं वाचून सोडून द्यायची. आता सगळ्यात आधी तिथेच डोळा जातो.

एजन्सीची दुसरी यादी बंद घरांची. ही बँकेची नव्हेत. मालक परदेशात, दलालाच्या ओळखीची. ही यादी मी म्हणेन बघूच नका, किंवा मनोरंजन म्हणून बघा. एक दिवस बार्देशातल्या एका गावातलं जुनं घर आलं: चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, बाल्कांव म्हणजे पुढची बसायची ओसरी, विहीर, मागे माड. किंमत ३४ लाख. बार्देशात! आमच्या दोघांच्याही अंगात संचारलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “घर घेवचे आदीं बांय पळय.”

विहीर बघायला म्हणून मी सकाळी सातला पोचले, दलालाला न सांगता. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंय पोंय करत त्याच वाटेवर शिरला. त्याला विचारलं, या घरात कोण असतं? म्हणाला, पुढल्या घरात कोणी नाही, मी पाव घालायला लागल्यापासून ते बंदच. पण मागे सहा पाव रोज. मागे? मागे गेले तर माडांच्या आड छोटं घर, दारात रांगोळी, दोरीवर शाळेचे गणवेश. तिथल्या बाईने सांगितलं, “आमी आज्याच्या काळा सावन हांगा आसांव.” मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारे. १९७५ च्या कायद्याने त्यांना हलवता येत नाही, उलट घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि तो असावाच. दलालाच्या फोटोत माड होते, माडांमागचं घर नव्हतं. विहीर मात्र गोड पाण्याची निघाली, आणि वापर तिचा मागच्यांचाच.

तरी हट्टाने मी ८,००० भरून कागद तपासायला दिले. या भागाला मी पाचपैकी पाच देईन. वकीलबाई म्हापशाच्या, कमी बोलतात, फोन उचलतात. चार दिवसांत अहवाल दिला. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्याच्या, उताऱ्यावर मालक म्हणून सात नावं. त्यातली तीन माणसं हयात नाहीत आणि इन्व्हेंटरी झालेली नाही, म्हणजे वारसांची वाटणी कागदावर आलेलीच नाही. त्यात गोव्याचा कुटुंब कायदा पोर्तुगीज काळातला: लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायको निम्म्या-निम्म्याचे मालक, विक्रीला दोघांची संमती. म्हणजे सात नावं, त्यांचे जोडीदार, मेलेल्यांचे वारस, त्यांचे जोडीदार. बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि चौदावर थांबल्या. दलालाकडे कुलमुखत्यारपत्र होतं ते यातल्या एकाचं, लिस्बनहून आलेलं म्हणे.

त्यांनी आणखी एक सांगितलं जे मला नीट ठाऊक नव्हतं. एक-चौदा हा मालकीचा पुरावा नव्हे. तो महसुली उतारा. त्यावरची नोंद खरी धरून चालतात, पण उलट पुरावा आला की ती पडते. मालकी बघायची तर दस्त बघायचे, निदान तीस वर्षं मागे, आणि जुन्या घरांना पोर्तुगीज नोंदणीतलं वर्णन आणि नोंद काढायची. परदेशी गेलेल्यांच्या घरांवर बनावट दस्त करून नावं चढवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की २०२२ मध्ये सरकारला पोलिसांचं खास पथक नेमावं लागलं आणि पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग. त्या प्रकरणांत बार्देशच पुढे होता. “बंद घर स्वस्त मिळतंय म्हणून कोणी आलं,” बाई म्हणाल्या, “की मी आधी विकणाऱ्याचा नव्हे, मेलेल्यांचा दाखला मागते.”

८,००० गेले आणि ३४ लाख वाचले. नवऱ्याला हा हिशेब अजून पूर्ण पटलेला नाही.

बिलाबद्दल एक कुरकुर. त्यात ‘तारण तपासणी ५०० रुपये’ अशी एक ओळ असते. एकाच घरावर दोन-दोन बँकांनी कर्ज दिलंय का, ते सरसाईच्या केंद्रीय नोंदवहीत दिसतं, आणि तिथे कुणालाही शोध घेता येतो. फी १० रुपये. एक-चौदाचा उताराही सरकारी साइटवर सर्व्हे नंबर घालून घरबसल्या बघता येतो. म्हापशासारख्या शहरी भागात सर्व्हे नंबराऐवजी चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर लागतो आणि उताऱ्याला फॉर्म डी म्हणतात, एवढं माहीत असलं की झालं. दुसऱ्या वेळी मी ही ओळ कापायला लावली. त्यांनी कापली, वाद घातला नाही. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

तिसरं घर कुर्टीचं, आणि यावर आम्ही खरंच बोली लावली. दोन बेडरूम, दुसरा मजला, राखीव किंमत ३१,२०,०००. या वेळी मी एजन्सीच्या यादीवर विसंबले नाही, मूळ नोटीस मागवली: ‘प्रत्यक्ष ताबा’. दारावर बँकेचं सील, आत फक्त देव्हाऱ्याची रिकामी फळी आणि भिंतीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा. पाहणीचा दिवस जुलैतला होता आणि धो धो पाऊस. याहून चांगला मुहूर्त नाही. सुट्टी घ्या, पण गोव्यात घर पावसातच बघा. उन्हाळ्यात प्रत्येक स्लॅब कोरडा असतो. मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल होती, ती मी तिथेच दोन लाखांना धरली.

मग बाकीची थकबाकी. वीज खात्याचा मीटर काढून नेलेला. जुन्या मालकाचं बिल नव्याच्या माथी मारता येतं का, याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये दिलंय: नियमांत तशी तरतूद असेल तर नवीन जोडणी देताना वीज पुरवणारे ते मागू शकतात, लिलावात घेतलेलं असलं तरी. म्हणून आधीच जाऊन आकडा विचारला: १८,४०० रुपये. सोसायटीचा मेंटेनन्स चार वर्षांचा, ५२,०००. सेक्रेटरींनी तो लेखी द्यायला तीन फेऱ्या मारायला लावल्या. घरपट्टी किरकोळ. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट होतं. जमीन अजून बिल्डरच्या नावावर, पण विक्रीखतात जमिनीचा अविभाज्य हिस्सा लिहिलेला होता, आणि तारणखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या होत्या. वकीलबाईंनी सगळ्यात आधी बायकोचीच सही शोधली. ही तपासणी एजन्सीच्या यादीत कुठेच नाही. ती बाईंची स्वतःची सवय.

आणखी एक गोष्ट, कर्जाची. लिलावातल्या घराला कर्ज मिळतं, पण १५ दिवसांत हातात पडेल असं कुठलाही बँकवाला छातीठोक सांगत नाही. आम्ही बोलीच्या आधी महिनाभर मंजुरी करून ठेवली. एजन्सीने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं इसारा भरून झाल्यावर, ‘लोनचं बघून ठेवलंय ना?’ एवढंच. ३,१२,००० भरून बसलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये.

लिलाव ऑनलाइन, सकाळी अकरा ते एक. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढते, आणि पुन्हा, आणि पुन्हा. पायरी २५,००० ची. एजन्सीचा मुलगा त्या दिवशी आमच्या घरी येऊन बसला, त्याचे पैसे घेतले नाहीत, हे मान्य करायला हवं. नेट गेलं तर म्हणून दुसरा फोन घेऊन आला होता. आम्ही चौघं बोली लावणारे होतो, साडेबाराला दोघं उरलो. ३६,४५,००० ला माझी बोली सगळ्यात वर होती. चार मिनिटं. सासूबाई देवापाशी. मग समोरून ३६,७०,००० आले. मुलगा म्हणाला, “ताई, एकच पायरी.” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मीटर आणि ओल आणि मेंटेनन्स मनात जोडले आणि लॅपटॉप मिटला. मुलगा पुढे एक शब्द बोलला नाही, त्याचंही श्रेय त्याला.

इसारा पाचव्या दिवशी खात्यात परत आला.

तर तारे तीन. कागद तपासणीला पाच, यादीला तीन, बंद घरांना शून्य, असं धरून. वर्गणी पुन्हा भरणार नाही. वकीलबाईंचा नंबर आहे, पेपर लॅबमध्ये येतात, आणि जेवणाच्या सुट्टीत मी आता नोटिसा तशा वाचते जशा माझ्या मैत्रिणी राशिभविष्य वाचतात.

परवाचा शनिवार शेवटचा होता. यादीत खोर्लीचा फ्लॅट पुन्हा आला होता, राखीव किंमत २५,२०,०००. पहिल्या लिलावाला कोणी फिरकलंच नसणार. माझ्या फोननंतर त्यांनी ताब्याचा रकाना दोन भागांत केलाय. त्यात लिहिलं होतं, ‘सांकेतिक’. फोटो नवा होता, समोरून काढलेला. बाल्कनीत नऊवारी तशीच.